स्विच अपग्रेड करण्याआधी पाथ मोजा

24 फेब्रुवारी 2021च्या बुधवारी सकाळी 11.40च्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी 3.45 ला आणि त्या दिवशी बाजार 5 वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या वेळात दलाल स्ट्रीटवरचा बीएसई चालू होता, त्यामुळे ग्राहकांच्या पोझिशन तिकडे मिटवताना ब्रोकरांची तारांबळ उडाली. एनएसईने नंतर केलेला खुलासा स्टोरेज सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. सौदे जुळवणारी मुख्य यंत्रणा त्या दिवशी धड होती. डळमळल्या त्या मुख्य केंद्र आणि जवळचं डीआर, म्हणजे आपत्तीत वापरायचं, केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार लिंक, आणि त्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. लिंक डळमळल्यावर स्टोरेज नेटवर्क, म्हणजे सॅन, अपेक्षेप्रमाणे वागलं नाही. मुख्य केंद्रातल्या सर्व्हरनाच स्टोरेज मिळेनासं झालं आणि जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. जोखीम मोजता येत नसेल तर बाजार चालवता येत नाही.

त्या दिवशी कोणी स्विच अपग्रेड करत नव्हतं. तरीही स्विच अपग्रेडवरचा लेख तिथून सुरू करतोय, कारण लिंक दोन होत्या, कंपन्या दोन होत्या, केंद्रं दोन होती आणि तरी दिवस हातचा गेला. एकाच्या जागी दोन वस्तू बसवल्या की निम्मं काम झालं. पहिली नसताना दुसरी खरोखर भार उचलते की नाही, हे पाहणं उरलेलं निम्मं. सॅन स्विचचं फर्मवेअर बदलताना आपण पहिली वस्तू स्वतःच्या हाताने काही काळ धोक्यात घालतो. म्हणून या कामात अपग्रेडची कमांड हा सगळ्यात सोपा भाग आहे. कस लागतो तो त्याआधीच्या मोजणीत.

फोर्टातली ब्रोकर ऑफिसं, दादर-गिरगावातल्या सहकारी बँका, परळची रुग्णालयं, लोअर परळच्या गिरणी आवारांत उभी राहिलेली ऑफिसं, अशा ठिकाणी दोन-चार स्विच आणि दोन-तीन माणसांवर सॅन चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांकडे स्वतंत्र चेंज टीम असते. तुमच्याकडे तुम्हीच असता.

स्विचच्या आत काय होतं

व्हेंडरच्या कागदावर लिहिलेलं असतं, अपग्रेड नॉन-डिसरप्टिव्ह आहे. या शब्दाचा अर्थ लोक समजतात त्यापेक्षा अरुंद आहे. फायबर चॅनल स्विचमध्ये दोन कामं वेगवेगळी चालतात. फ्रेम एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर ढकलण्याचं काम चिप करते. तिला डेटा प्लेन म्हणतात. कोण लॉगिन झालं, कोणाला कोण दिसावं, रस्ता कुठून, हे ठरवण्याचं काम प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर करतं. ते कंट्रोल प्लेन. अपग्रेडमध्ये कंट्रोल प्लेन रीस्टार्ट होतो आणि तोवर चिप आधी सांगितलेल्या रस्त्यांवरून फ्रेम ढकलत राहते. डायरेक्टर म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये दोन कंट्रोल प्रोसेसर असतात: आधी राखीव असलेला नव्या आवृत्तीवर येतो, मग सूत्रं त्याच्याकडे जातात आणि जुना नंतर बदलतो. तुमच्या रॅकमधल्या एक-दोन यू उंचीच्या स्विचमध्ये मात्र प्रोसेसर एकच. तो रीस्टार्ट होत असताना स्विचच्या आत विचार करणारं कोणी नसतं.

हा काळ किती असू शकतो याला एक हिशेब आहे. स्विच एकमेकांना रस्ते कळवतात ते एफएसपीएफ प्रोटोकॉलने. त्यात दर 20 सेकंदांनी हॅलो जातो आणि 80 सेकंद हॅलो आला नाही की शेजारचा स्विच ती लिंक मेली असं धरून रस्ते नव्याने मांडतो. म्हणजे कंट्रोल प्लेनला त्या 80 सेकंदांच्या आत परत यायला हवं. निरोगी स्विच येतो. प्रोसेसरवर आधीच ताण असलेला किंवा फ्लॅश मेमरी कुरकुरत असलेला स्विच येईलच असं नाही.

आणि या मिनिटभरात काय होत नाही, ते महत्त्वाचं. आधीपासून चालू असलेली वाहतूक चालू राहते. नवं काहीही होत नाही. नवा सर्व्हर लॉगिन करू शकत नाही, नेम सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, झोनिंग बदलत नाही. नेमक्या त्याच वेळी विंडोज टीमने पॅच टाकून सर्व्हर रीबूट केला, तर त्याला त्या स्विचवरून डिस्क दिसणार नाही आणि दोष तुमच्यावर येईल. म्हणून तुमच्या विंडोत, म्हणजे कामासाठी ठरवलेल्या वेळेत, सर्व्हर, व्हीएमवेअर आणि डेटाबेस टीमला हात बांधून बसायला सांगा. लेखी सांगा.

नॉन-डिसरप्टिव्हच्या छत्रीखाली सगळं येतं असंही नाही. फायबर चॅनल आयपीवरून दुसऱ्या केंद्राकडे नेणारे एफसीआयपी बोगदे अनेक मॉडेलवर अपग्रेडच्या वेळी तुटतात. स्थानिक डिस्क वाहतूक शाबूत आणि डीआरकडे जाणारी नक्कल मात्र खंडित, असं होऊ शकतं. एनएसईच्या प्रकरणाचा धडा इथे थेट लागू आहे: नक्कल सिंक्रोनस असेल, तर लिंक गेल्यावर स्टोरेज काय करणार? मुख्य बाजूचं लिहिणं चालू ठेवणार की थांबवणार? हे स्टोरेजच्या सेटिंगवर ठरतं आणि ते सेटिंग कोणी कधी लावलं होतं, हे बहुतेक ठिकाणी कोणालाच आठवत नसतं. विंडोआधी ते उघडून बघा. शंका असेल तर नक्कल आपण होऊन थांबवा, काम करा, मग सिंक पूर्ण झाल्याची खात्री करून घ्या. टेप लायब्ररीचंही तसंच. टेपवर चाललेल्या बॅकअपला खळ सहन होत नाही; ते जॉब आधी थांबवायचे.

मेगाब्लॉक आणि दोन फॅब्रिक

मध्य रेल्वेचा रविवारचा माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक तुम्ही असंख्य वेळा भोगला असेल. फास्ट मार्गावर काम चालतं तेव्हा फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात; उशीर होतो, पण माणूस घरी पोचतो. दोन्ही मार्गांवर एकाच वेळी ब्लॉक घेतला तर काय होईल, हे सांगायला नको. सॅनमध्ये ए आणि बी अशी दोन स्वतंत्र फॅब्रिक, म्हणजे स्विचची जाळी, ठेवतात ती याचसाठी. सर्व्हरचा एक पोर्ट ए मध्ये, एक बी मध्ये. स्टोरेजच्या प्रत्येक कंट्रोलरचे पोर्ट दोन्हीकडे. आणि दोन्ही फॅब्रिकमध्ये आपसात एकही केबल नाही. अपग्रेड एका वेळी एकाच फॅब्रिकचं करायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गडबड पुढे आहे: स्लो मार्ग चालू आहे असं आपण धरून चालतो, पाहत नाही.

म्हणून मोजायचं. सर्व्हरला दोन पोर्ट आणि प्रत्येक पोर्ट स्टोरेजच्या दोन पोर्टांशी झोन केलेला असेल तर प्रत्येक लनला, म्हणजे स्टोरेजने दिलेल्या डिस्कला, चार पाथ दिसायला हवेत. लिनक्सवर मल्टिपाथ कमांडला दोन एल लावून पाहा, विंडोजवर एमपीक्लेम, व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक डेटास्टोअरच्या पाथची यादी. प्रत्येक सर्व्हरपुढे अपेक्षित आकडा आणि दिसलेला आकडा असा तक्ता करा. चारच्या जागी तीन दिसले तर त्या सर्व्हरचा तपास संपेपर्यंत विंडो पुढे ढकला. 'तो महत्त्वाचा सर्व्हर नाही' हे उत्तर घेऊ नका. महत्त्वाचा नसलेला सर्व्हर पहाटे तीन वाजता अचानक महत्त्वाचा ठरतो, कारण लॉगिनची पडताळणी किंवा लायसन्स त्याच्यावर चालत असतं.

पाथ कमी किंवा चुकीचे का निघतात याची कारणं ठरलेली आहेत. सर्व्हर एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये हलवताना दोन्ही केबल एकाच फॅब्रिकमध्ये लागलेल्या असतात. पाथ तरीही चारच दिसतात, म्हणून आकडा पुरेसा नाही, कोणता पाथ कोणत्या फॅब्रिकमधून जातो तेही बघावं लागतं. नवा सर्व्हर घाईत उभा करताना ए मध्ये झोन झाला, बी मध्ये राहून गेला. बी च्या स्विचवर त्याचा पोर्ट हिरवा दिसतो, लॉगिनही असतं, पण स्टोरेज दिसत नाही. एसएफपी मरत आलेला असतो आणि पाथ दिवसातून दोनदा पडून उठतो. कधी पाथ महिन्यांपूर्वीच गेलेला असतो आणि त्याचा अलर्ट अशा मेलबॉक्समध्ये पडत असतो जो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा आहे.

एक बारीक मुद्दा अनुभवी लोकांकडूनही सुटतो. बऱ्याच स्टोरेजमध्ये एका लनचा मालक एक कंट्रोलर असतो. त्याच्याकडून जाणारे पाथ वेगवान, दुसऱ्याकडून जाणारे आडवळणाचे. केबल लावताना पहिल्या कंट्रोलरचे सगळे पोर्ट ए मध्ये आणि दुसऱ्याचे सगळे बी मध्ये लागले असतील, तर ए बंद केल्यावर पाथ उरतात, पण सगळे आडवळणाचे. काही तुटत नाही, फक्त डेटाबेस रांगतो. तुम्ही म्हणता सगळं चालू आहे, डीबीए म्हणतो सगळं बंद आहे, आणि दोघंही खरं बोलत असता.

मग भाराचा हिशेब. ए बंद असताना ए आणि बी दोघांचा भार एकट्या बी ला उचलायचा आहे. विंडोच्या वेळेतला दोन्हीकडचा भार मोजा. बेरीज एका फॅब्रिकच्या आवाक्यात बसत नसेल तर वेळ बदला. रात्री दोन वाजता भार कमी असतो हा समज आहे. बॅकअप रात्री दोनलाच चालतो.

मोजणीनंतर चाचणी. महत्त्वाच्या सर्व्हरचा ए कडचा पोर्ट स्विचवरून पाच मिनिटं डिसेबल करून बघा. केबल उपटू नका. उपटलेली केबल परत लावताना वाकते, मग नवाच घोळ. लिनक्सवर डिस्कच्या एका कमांडला साधारण 30 सेकंदांची मुदत असते, म्हणून पाथ गेल्यावर ॲप्लिकेशन क्षणभर थबकलं तर घाबरू नका. ते थबकून परत चालू होतं की मरतं, हेच तर पाहायचं आहे. आणि ते अपग्रेडच्या रात्री कळण्यापेक्षा आधीच्या शनिवारी एका सर्व्हरवर कळलेलं केव्हाही स्वस्त.

विंडोच्या आदल्या दिवशी स्विचवरचे एरर काउंटर शून्यावर आणा. वर्षभराच्या साठलेल्या आकड्यांत काल वाढलेला सीआरसी एरर दिसत नाही. कोऱ्या पाटीवर लगेच दिसतो.

मुंबईत विंडो कधी घ्यावी

बँकांना एके काळी रात्र मिळायची. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास झालं, 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस. यूपीआय तर आधीपासूनच झोपत नाही. लोअर परळमध्ये मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 ला, दुसऱ्या शनिवारी, कोअर बँकिंग नव्या यंत्रणेवर नेलं तेव्हा पहाटे 3 ते दुपारी 4.30 अशी वेळ ग्राहकांना आधी जाहीर करून घ्यावी लागली. त्यातही यूपीआय पूर्ण वेळ बंद न ठेवता ठरावीक तासांपुरतंच बंद ठेवलं. मुळाशी हात घालणाऱ्या बदलासाठी अशी घोषणा करता येते. स्विचच्या फर्मवेअरसाठी कोणी तुम्हाला साडेतेरा तास देणार नाही आणि मागूही नयेत.

ब्रोकर ऑफिसांसाठी माझा आवडता मुहूर्त शुक्रवारी रात्री, दिवसअखेरचं काम उरकल्यावर. एक्स्चेंज शनिवारी मॉक ट्रेडिंग घेतात. ज्या शनिवारी मॉक असेल त्याच्या आदल्या रात्री फॅब्रिक ए करा, सोमवारच्या 9.15 च्या आधी खऱ्यासारख्या भाराची फुकट चाचणी मिळते. मात्र कॅलेंडर डोळ्यांत तेल घालून बघा. 2 मार्च आणि 18 मे 2024 या दोन शनिवारी डीआर केंद्रावर जाऊन व्यवहार करण्यासाठी बाजाराची खास सत्रं झाली, आणि 1 फेब्रुवारी 2025 हा शनिवार अर्थसंकल्पाचा म्हणून बाजार भरला. शनिवार म्हणजे सुट्टी हे गृहीत धरणारा इथे फसतो. शिवाय 27 जानेवारी 2023 पासून शेअरची सेटलमेंट दुसऱ्याच दिवशी होते, त्यामुळे आधी दोन रात्रींत विभागलेलं काम आता एका रात्रीत कोंबलेलं असतं.

परळच्या रुग्णालय पट्ट्यात हिशेब निराळा. केईएम असो, टाटा मेमोरियल असो की एखादं खासगी रुग्णालय, स्कॅन रात्रीही चालतात आणि एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा स्टोरेजवर जातात. तिथे रात्रीचा हट्ट धरू नका. रेडिओलॉजीच्या लोकांना विचारा. काही वेळा रविवारची दुपार त्यांना रात्रीपेक्षा सोयीची असते, आणि दुपारी तुमचे व्हेंडर, तुमचे साहेब, सगळे जागे असतात. मला तर दिवसाची विंडो, मोजणी नीट झाली असेल तर, रात्रीपेक्षा सुरक्षित वाटते. गिरणगावातली रात्रपाळी 1982 च्या गिरणी संपानंतर गेली असं म्हणतात, पण कमला मिलच्या आवारात मध्यरात्री कॉलवर बसलेली पोरं पाहिली की ती गेलेली नाही, एवढंच कळतं. दमलेला माणूस चुकीच्या स्विचवर कमांड देतो.

पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या दिवशी हिंदमाता आणि परळ टीटीच्या आसपास जोराचा पाऊस पडला तर तुमच्या सर्व्हर रूमपर्यंत कोणी पोचणार नाही. गणेश चतुर्थी ते अनंत चतुर्दशी हा काळ लालबाग-परळमधल्या ऑफिसांनी सरळ चेंज फ्रीझ ठेवावा. गर्दी, बंद रस्ते आणि वर पाऊस; 29 ऑगस्ट 2017 चा पाऊस गणेशोत्सवातच आला होता आणि लोकल बंद पडल्या होत्या. दूरवरून अपग्रेड करता येतं हे खरं, पण काही अडलं तर कोणीतरी स्विचसमोर उभं असावं लागतं. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते आणि पहिली चारच्या सुमारास, तेव्हा जो रात्री साइटवर येईल तो सकाळपर्यंत तिथेच, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधी सांगा. जेवणाची सोय ऑफिसने करावी.

प्रत्यक्ष काम

फर्मवेअर जिथून स्विच घेतला त्या कंपनीकडूनच घ्या. डेल, एचपीई, आयबीएमच्या नावाने मिळणारे बरेच स्विच आतून ब्रोकेडचे असतात, पण आधार तुमच्या व्हेंडरचा आणि स्टोरेजच्या सपोर्ट मॅट्रिक्सचा. फाइलचा चेकसम जुळवा. रिलीज नोट्समधला अपग्रेड पाथचा तक्ता वाचा. सहसा एका मुख्य आवृत्तीवरून लगतच्या पुढच्या आवृत्तीवरच वाहतूक न थांबवता जाता येतं. मधली पायरी गाळली तर तेच अपग्रेड डिसरप्टिव्ह होतं. वर्षानुवर्षं मागे राहिलेल्या स्विचला तीन पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर ती तीन अपग्रेड आहेत असं धरून वेळ मांडा. नव्या आवृत्तीने जुने सुरक्षा प्रोटोकॉल बंद केलेले असतात, त्यामुळे तुमचं मॉनिटरिंगचं जुनं टूल सकाळी स्विचमध्ये शिरू शकणार नाही. हेही तिथेच लिहिलेलं असतं.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप स्विचच्या बाहेर काढा. ब्रोकेडवर सपोर्टसेव्हही घ्या, आधी आणि नंतर. स्विचचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या फीडवर आहेत आणि दोन्ही जिवंत आहेत, हे डोळ्यांनी बघा. सीरियल कन्सोलची केबल लावून ठेवा. कंट्रोल प्लेन रीस्टार्ट होताना नेटवर्कवरचं सत्र तुटतं. कन्सोल नसेल तर सत्र परत जुळेपर्यंत स्क्रीन गोठलेली दिसते आणि माणसं काहीबाही करायला लागतात.

सिस्कोच्या एमडीएसवर आधी अपग्रेडचा इम्पॅक्ट दाखवणारी कमांड चालवा. ती प्रत्येक मॉड्यूलसमोर परिणाम लिहून दाखवते. एका ओळीत जरी डिसरप्टिव्ह आलं तरी पुढे जायचं नाही. ब्रोकेडवर फर्मवेअर दोन विभागांत राहतं: नवं आधी राखीव विभागात उतरतं, रीस्टार्टनंतर त्यावरून स्विच चालतो, मग कमिट झाल्यावर दुसऱ्या विभागातही तेच येतं. ऑटो-कमिट बंद ठेवण्याची सोय आहे; छोट्या टीमने ती वापरावी, म्हणजे तासभर पाहून मग पक्कं करता येतं आणि तोवर जुनी आवृत्ती दुसऱ्या विभागात शाबूत राहते. पण या वाटेवर एक खड्डा आहे. रीस्टार्ट हाताने द्यायचा असेल तर एचए-रीबूट द्यायचा. नुसता रीबूट दिला तर तो थंड रीबूट होतो, चिपसकट सगळं खाली जातं आणि त्या फॅब्रिकवरची वाहतूक थांबते. दोन्ही कमांडची नावं जवळपास सारखी आहेत. कीबोर्डवरच्या माणसाने कमांड मोठ्याने वाचावी आणि शेजारच्याने हो म्हटल्यावरच एंटर दाबावं, हे त्यासाठीच.

एक प्रश्न नेहमी येतो: चिपवर विश्वास ठेवून चालू वाहतुकीतच अपग्रेड करावं, की आधी ए वरचे पाथ डिसेबल करून सगळी वाहतूक बी वर न्यावी? डायरेक्टर असेल तर मी पहिला रस्ता घेईन. एकाच प्रोसेसरचा जुना छोटा स्विच असेल तर दुसरा. वाहतूक आपल्या हाताने हळूहळू सरकवली की ती कुठे अडते ते आधीच दिसतं, आणि रिकामा स्विच थंड रीबूट झाला तरी कोणाचं काही जात नाही. तासभर दुसरा पाथ नसतो, ही त्याची किंमत. बी निरोगी असल्याची खात्री नसेल तर ती किंमत परवडत नाही.

स्विच परतला नाही तर? पहिली गोष्ट, पॉवर बंद करू नका. मॅनेजमेंटचा पत्ता उत्तर देत नाही याचा अर्थ वाहतूक थांबली असा होत नाही. आधी सर्व्हरवरचे पाथ बघा. ते चालू असतील तर चिप अजून काम करतेय आणि तुमच्याकडे वेळ आहे: व्हेंडरला फोन, ए वरचे पाथ एकेक करून डिसेबल, आणि मगच थंड रीबूट. घाईने पॉवर ओढली की चालू असलेली वाहतूक तुम्ही स्वतः तोडता. किती वेळ वाट पाहायची हेही आधी कागदावर असावं. सेबीने मार्च 2021 मध्ये एक्स्चेंज आणि डिपॉझिटरीसारख्या संस्थांसाठी आपत्ती 30 मिनिटांत जाहीर करून 45 मिनिटांत काम पूर्ववत करण्याची मुदत घातली. तुम्हाला तो नियम लागू नसेल, पण आकडा ठरवण्याची रीत उचलण्यासारखी आहे.

सगळं सुरळीत झालं की पुन्हा तोच तक्ता. आधी लॉगिन असलेली उपकरणं किती होती, आता किती. चालू पोर्ट, आयएसएल, झोनिंगचा चालू संच, प्रत्येक सर्व्हरचे पाथ. स्विचवर पोर्ट हिरवा असूनही सर्व्हरवर पाथ परत आलेला नसतो, रीस्कॅन द्यावा लागतो. तेव्हा मोजणी सर्व्हरच्या बाजूने करा. थांबवलेली नक्कल आणि टेपचे जॉब परत चालू करा.

आणि मग घरी जा. पहाटे चार वाजता कोणीतरी म्हणतं, ए झालं आहेच तर बी पण उरकून टाकू. नको. ए ला नव्या आवृत्तीवर किमान एक पूर्ण आठवडा चालू द्या. त्यात शनिवार-रविवारचा पूर्ण बॅकअप आणि शक्य असेल तर महिनाअखेरही येऊ द्या. दोन फॅब्रिक स्वतंत्र असल्याने त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या राहिल्या तर काही बिघडत नाही. नव्या आवृत्तीत दोष निघाला तर तो एकाच बाजूला राहतो. बी करायच्या आधी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करा, कारण आठवड्यात कोणीतरी काहीतरी हलवलेलं असतं.

शेवटी, जे म्हणतात चालतंय तर कशाला हात लावा, त्यांच्यासाठी. दर दहा मिलिसेकंदांनी पुढे सरकणारा 32 बिटांचा काउंटर साधारण 497 दिवसांनी भरून परत शून्यावर येतो आणि तो न सांभाळणारं सॉफ्टवेअर नेमकं त्या दिवशी कोलमडतं. असे दोष नेटवर्क आणि स्टोरेजच्या उपकरणांत वारंवार निघाले आहेत. तीन वर्षं न रीस्टार्ट झालेला स्विच ही मिरवायची गोष्ट नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ब्रोकेडच्या फॅब्रिक ओएसमधली सीव्हीई-2025-1976 ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. 9.1.0 पासून 9.1.1डी6 पर्यंतच्या आवृत्त्यांना तिचा धोका आहे आणि 9.1.1डी7 मध्ये दुरुस्ती आहे. तुमच्या स्विचवर कोणती आवृत्ती आहे ते उद्या ऑफिसात गेल्यावर बघा, आणि या टप्प्यातली असेल तर येत्या महिन्यातली एक विंडो साहेबांकडून लेखी मागून घ्या.